परदेशातल्या खेड्यातला हिवाळा: तुम्हाला ऊब कशाने मिळते?

रानवाट
३ डिसेंबर, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज सकाळपासून बर्फ पडतोय आणि नवरा कामावर शहरात अडकलाय, तेव्हा बसलेच लिहायला.

आम्ही जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या दक्षिण भागात एका खेड्यात राहतो, फ्रायबुर्गहून गाडीने पाऊण तास. सत्तरेक घरं, एक चर्च, फायर ब्रिगेडची शेड, दुकान एकही नाही, आठवड्यातून दोनदा बेकरीची गाडी येते आणि चौकात हॉर्न वाजवते. हा आमचा इथला सहावा हिवाळा. परदेशातली थंडी म्हटलं की ख्रिसमस मार्केट आणि स्कीइंगवर पुष्कळ लिहून येतं, पण खेड्यात नोव्हेंबर ते मार्च रोज उठून राहायचं कसं, साध्या कशाकशाने बरं वाटतं, यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा धागा. तुम्ही कुठल्याही देशात असाल, खेड्यात असाल तर नक्की लिहा.

आम्ही थंडीची तयारी करून आलो होतो पण अंधाराचा विचारच केला नव्हता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सव्वाआठला उजाडतं आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पुण्यापेक्षा दिवस अडीच तासांहून जास्त लहान. त्यात गाव दरीत, ऊन तीनच्या आधीच डोंगराआड जातं. पहिल्या वर्षी चार वाजले की मला उगाच रडू यायचं.

त्या वर्षी आम्ही सगळं घर तापवत होतो, सगळे रेडिएटर फुल, तळघरात तेलावर चालणारा बॉयलर. घर जुनं, भिंती गारच, थर्मामीटर बावीस दाखवतोय तरी पाठीतून गारठा जायचा नाही आणि तेलाचं बिल आलं तेव्हा दोघंही गप्प बसलो होतो. बाबा तेव्हाच आले होते, सगळं आयुष्य माण तालुक्यात काढलेला माणूस, दोन दिवस कानटोपी आणि स्वेटर घालून सोफ्यावर हात बगलेत धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी बिस्किटांचा डबा घेऊन आल्या, त्यांनी बाबांकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या हिरव्या फरशांच्या मोठ्या भट्टीकडे बघितलं. काखेलओफेन म्हणतात तिला. आम्ही तिच्यावर फोटो फ्रेम मांडल्या होत्या. ही का बंद, म्हणून त्यांनी विचारलं, तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं, मला वाटायचं ते जुन्या काळातलं शोभेचं काहीतरी असावं.

त्यांनीच फोन करून धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. इथे तो नुसता सफाईवाला नसतो, त्याचं रीतसर शिक्षण झालेलं असतं आणि तो तपासून हो म्हणाल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. त्याने बघून हो म्हटलं, आजींनी नातवाबरोबर हातगाडीभर लाकूड पाठवलं आणि विस्तव बाबांनी केला. बारीक ढलप्या, मग मध्यम, मग बीच नावाच्या झाडाचे दोन ओंडके. चूल पेटवायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तासाभराने फरशांना हात लावून बघितला आणि भट्टीला लागून बाक असतो त्याच्यावर पाठ टेकून बसले ते जेवायलाच उठले. मी त्यांना परदेशात आल्यापासून पहिल्यांदा पाय पसरून बसलेलं बघितलं. काय सांगू, मला फार भरून आलं.

तर ही भट्टी सारखी घालत बसायची नसते. दिवसातून एकदा, कडक थंडी असेल तर दोनदा, जोरात जाळ करायचा, तो जाळ आतल्या विटा आणि फरशा पिऊन घेतात आणि मग दहा-बारा तास हळूहळू सोडतात. रेडिएटरमधून गरम हवा येते आणि वर छताला जाते, ही ऊब उन्हासारखी सरळ अंगावर येते. आमच्याकडे शिवाय कुन्स्ट आहे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या चुलीचा धूर भिंतीपलीकडच्या बाकाच्या पोटातून फिरून मग धुराड्यात जातो, स्वयंपाक झाला की बाक आपोआप गरम. आपल्या चुलीला वैल असतो ना, मूळ जाळावर भाकरी आणि उरलेल्या धगीवर कालवण, तोच विचार, फक्त इथे वैलावर माणसं बसतात. कुन्स्टचा अर्थ कला. मला हे नाव फार पटतं.

आता आम्ही ती एकच खोली नीट गरम ठेवतो आणि संध्याकाळी सगळे तिथेच. मुलीचा अभ्यास, माझं शिवण, नवऱ्याचा लॅपटॉप, भाजी निवडणं, सगळं एका खोलीत. गावाकडे आपण असेच राहायचो की.

अजून छोट्या छोट्या गोष्टी:
चेरीच्या बियांची उशी. या भागात चेरीची दारू गाळतात, उरलेल्या बिया धुऊन वाळवून कापडी पिशवीत शिवतात. भट्टीला एक कोनाडा असतो त्यात ठेवायची, झोपताना पायाशी घ्यायची. रबरी पिशवीसारखी गळायची भीती नाही.
त्याच कोनाड्यात सफरचंद. बोस्कोप नावाचं आंबट, खरबरीत सालीचं सफरचंद घ्यायचं, मधला भाग काढून इथे मनुका, मार्झिपान (बदाम-साखरेचा गोळा) भरतात, मी गूळ, अक्रोड आणि सुंठ भरते. साल फुटून रस बाहेर यायला लागला की झालं.
दही आणि इडलीचं पीठ. दोन वर्षं माझं पीठ फुगतच नव्हतं, आता रात्री बाकावर टॉवेलात गुंडाळून ठेवते, सकाळी वर आलेलं असतं.
आणि आजीची घोंगडी. टोचते. पण डोक्यावरून घेऊन अंगणात लाकडं आणायला जायचं तर तिच्यासारखं काही नाही, बर्फ तिच्यावर बसतो आणि झटकला की गेला.

तुमचं लिहा.

उंबरठा
३ डिसेंबर, दुपारी ३:०२

किती छान लिहिलंयस. वैलाचं वाचून आमचं पिंपळगावचं जुनं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आलं. मी परदेशात नाही, पण निफाडची थंडी तुम्हाला माहीतच असेल, पारा चारपाचवर आला की रात्री द्राक्षबागेत शेकोट्या करतात, धूर धरून राहिला पाहिजे म्हणून ओला पालापाचोळा टाकतात, नाहीतर मणी तडकतात. लहानपणी बाबांबरोबर रात्रभर बागेत बसायचो, समोरून भाजायचं आणि पाठ गार. बाबांचा फोटो असेल बाकावरचा तर टाक ना.

पाटाचंपाणी
३ डिसेंबर, संध्या. ५:४५

स्वीडन, दालार्ना. तळ्याकाठचं गाव. तुझा सव्वाआठ ते साडेचारचा दिवस वाचून हेवा वाटला, आमच्याकडे डिसेंबरमध्ये जेमतेम साडेपाच तास उजेड असतो. इथे लोकांनी अंधारावर जो उपाय काढलाय तो मला मनापासून आवडतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून, म्हणजे नाताळच्या आधी चार रविवार, प्रत्येक घराच्या प्रत्येक खिडकीत सात छोट्या दिव्यांचा त्रिकोणी लाकडी स्टँड लावतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, गोठ्याच्या खिडकीत सुद्धा. पडदे ओढत नाहीत. त्यामुळे तीन वाजता कुत्र्याला घेऊन बाहेर पडलं तरी रस्ताभर कुणीतरी घरात आहे असं वाटत राहतं. आपण आकाशकंदील स्वतःच्या घरापेक्षा रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी लावतो ना, तसं. आमचा दिवाळीचा कंदील मी आता उतरवतच नाही, फेब्रुवारीपर्यंत ठेवते, शेजारी विचारतात यावर्षी कुठला रंग.

१३ डिसेंबरला संत लुसियाचा सण. शाळेतल्या मुली डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालून अंधाऱ्या सकाळी गात येतात आणि केशराचे पिवळेधमक पाव खायचे. केशर इथे अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं, तेव्हा दुकानात काउंटरपाशीच ठेवतात. मी त्या पावात वेलची घालते आणि आमच्या गल्लीत आता तसेच मागतात.

बाकी व्यवहाराचं: कोटाला लटकवायचा चकाकणारा बिल्ला, बुटाखाली लावायचे खिळे, आणि गाडीचं इंजिन रात्री प्लगला लावून गरम ठेवायचं. हे तीन नसेल तर हिवाळा सुखाचा होणार नाही.

खारीबिस्कीट
४ डिसेंबर, सकाळी ६:२०

जपान, नागानो प्रांतातलं एक डोंगरी गाव. रानवाट, तुझं एका खोलीचं शंभर टक्के पटलं, इथे तर घरं तशीच बांधलेली. जुन्या घराला भिंतीत काही भरलेलंच नसतं, कागदी दारं, सकाळी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला गोठलेला मी बघितलाय. त्यामुळे खोली सुद्धा नाही, आम्ही टेबल गरम करतो. कोतात्सु. बुटकं टेबल, खाली हीटर, वरून जाड रजई, पाय आत घालून चौघं चार बाजूंना. एकदा बसलं की उठवत नाही. मध्ये संत्र्यांची परडी असतेच, मिकान म्हणतात, सालं सहज सुटतात.

दुसरं म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. इथे थंडीत रॉकेलची गाडी गाणं वाजवत फिरते, अठरा लिटरचे प्लास्टिकचे कॅन भरून घ्यायचे. स्टोव्हवर सतत किटली, हवा कोरडी होत नाही आणि चहाला पाणी तयार, आणि बाजूला फॉइलमध्ये रताळं. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना एकादशीला तेच रताळं तूप लावून दिलं, त्या म्हणाल्या अशी रताळी आपल्याकडे का नाहीत.

आणि हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी गरम पाण्याच्या टबात युझू नावाची लिंबं अख्खी सोडतात. त्या वासात मला दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं उटणं आठवतं, दोन्हीचा वास अगदी वेगळा तरीही.

चुनखडी
४ डिसेंबर, सकाळी १०:३०

धागा आवडला, पण एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही कारण माझं कामच जुन्या घरांच्या दुरुस्तीचं आहे (बव्हेरिया). एकच खोली तापवायची आणि बाकी घर थंड सोडायचं हे कृपया असंच्या असं कुणी उचलू नका. गरम खोलीतली दमट हवा थंड खोलीत शिरली की तिथल्या भिंतीवर पाणी सुटतं, विशेषतः कपाटामागे आणि खिडकीच्या कोपऱ्यात, आणि महिन्याभरात काळी बुरशी. आपल्या स्वयंपाकात वाफ जास्त, कपडे घरात वाळत घालतो, म्हणजे अजून दमट. त्यामुळे

बाकीच्या खोल्या सोळा डिग्रीच्या खाली जाऊ देऊ नका. मधलं दार बंद ठेवा, "जरा ऊब जाऊ दे तिकडे" म्हणून उघडं टाकणं सगळ्यात वाईट. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही, दिवसातून तीनदा पाच मिनिटं सताड उघडायची, समोरासमोरच्या दोन असतील तर उत्तम. हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. जर्मन लोक हे करतात तेव्हा आपल्याला वाटतं कडाक्याच्या थंडीत हे काय, पण ते बरोबर आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि वीसेक युरोत आर्द्रता दाखवणारं घड्याळ मिळतं ते घ्याच, साठ टक्क्यांच्या वर गेलं की खिडकी.

रानवाट
४ डिसेंबर, दुपारी १२:१५

चुनखडी, खूप आभार, हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी मुलीच्या खोलीत कपाटामागे अगदी हेच झालं होतं, गाद्या बाहेर काढून भिंत खरवडून परत रंगवावी लागली आणि तिला महिनाभर खोकला होता. आता तिथे सतरा ठेवतो. एक खोली म्हणजे बसायची खोली एक, बाकी घर अगदी बंद नाही, असं वाचावं सगळ्यांनी.

उंबरठा, फोटो आहे पण बाबा नको म्हणतील. ते गेल्या वर्षीही आले होते. यावेळी गुडघ्यांमुळे नाही जमणार म्हणालेत.

दहिवर
४ डिसेंबर, रात्री ८:०५

मी नर्स आहे, म्हणून माझ्याकडून एक. जिथे जाळ आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. त्या वायूला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणसाला वाटतं दमलोय म्हणून पडावं. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू बंद खोलीत कधीही आणू नका, विझत आलेले निखारे तर जास्त घातक. आमच्या नात्यात एका थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार लावून घेतलं होतं, मावशी पहाटे पाणी द्यायला गेली म्हणून दोघं वाचली. त्या घरात आजही कुणी तो विषय काढत नाही. खारीबिस्कीट, रॉकेलच्या स्टोव्हलाही हेच लागू, तासातासाने हवा घेत जा.

खारीबिस्कीट
५ डिसेंबर, सकाळी ६:००

हो ताई, आमच्या स्टोव्हवरच तशी सूचना छापलेली आहे आणि अलार्मही आहे. लिहिलंत ते फार बरं केलंत.

सागरगोटा
५ डिसेंबर, रात्री ११:४०

वाचत होते सगळं. मी जानेवारीत वेल्समधल्या एका खेड्यात जातेय, नवऱ्याची नोकरी तिथल्या डेअरीत आहे, तो सप्टेंबरपासून तिकडेच. मी कोल्हापूरची, आजवर खेड्यातसुद्धा कधी राहिले नाही, परदेश तर लांबच. तो म्हणतो शेजारचं घर अर्धा किलोमीटरवर आहे. खरं सांगू का, मला थंडीपेक्षा एकटं पडायची भीती जास्त आहे. बरोबर काय आणू आणि तिथे गेल्यावर पहिलं काय करू, कुणी सांगाल का?

पाटाचंपाणी
६ डिसेंबर, सकाळी ९:१०

सागरगोटा, रोज उजेडात बाहेर पडायचं, पाऊस असो काही असो, वीस मिनिटं तरी. दुपारचं जेवण झाल्यावर लगेच, कारण नंतर म्हटलं की अंधार झालेला असतो. मला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि फेब्रुवारीत मी अंथरुणातून उठेना. इथल्या डॉक्टरांनी औषधाच्या आधी हेच लिहून दिलं.

उंबरठा
६ डिसेंबर, सकाळी ११:३०

गोधडी आण गं, आईच्या किंवा आजीच्या जुन्या सुती साड्यांची. वजन होतं पण आण.

रानवाट
६ डिसेंबर, दुपारी १:५०

सागरगोटा, आधी सामानाचं सांगते. गोधडी हो. लोकरीचे पायमोजे तिकडेच घे, तिकडचे जास्त चांगले असतात. डिंक आण, अळीव आण, लाडू तिथे वळता येतील. बाजरीचं पीठ दळून आणू नकोस, ते लवकर कडवट होतं, तिथल्या जवळच्या शहरात भारतीय दुकान असेल तर तिथून थोडं थोडं घे आणि फ्रीझरमध्ये ठेव. भोगीला तीळ लावून भाकरी आणि वांगं, गाजर, घेवडा, हरभरे मिळेल ते घालून भाजी केलीस की जानेवारी सुरू झाल्यासारखा वाटेल. फुंकणी आण, खरंच सांगते, घरात लाकडाची भट्टी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. आजींनी माझी फुंकणी बघितली आणि त्यांनीही एक मागून घेतली. घर तेलावर तापत असेल तर टाकीत किती तेल आहे ते पोचल्या दिवशीच बघ, अगदी संपत आल्यावर मागवायचं नाही, बर्फात टँकर येत नाही.

आता एकटेपणाचं. मी पहिले सहा महिने कुणाकडे गेले नाही, मला वाटायचं भाषा नीट आली की जाईन. ती चूकच झाली. खेड्यात लोक थंडीत कामानिमित्त एकमेकांकडे जातात, नुसतं भेटायला बोलावतीलच असं नाही. तेव्हा काम मागायचं. आमच्याकडे घरासमोरचा बर्फ सकाळी सातच्या आत काढावा लागतो, मी फावडं घेऊन आजींचाही काढायला लागले, तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघराचं दार मला उघडं झालं. त्यांनी मला बागेतली बर्फाखालची सुनेविर्बले खुडायला शिकवली, ही एक बारीक पानांची भाजी आहे, कडाक्यातही जगते, फक्त गोठलेली असताना हात लावायचा नाही, दुपारी पानं सैल पडली की खुडायची. त्या वरून खरपूस बेकन घालतात, मी लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचं कूट घालते, त्यांना दोन्ही आवडतं. तुझ्याकडे डेअरी आहे म्हणजे वासरं असणार, पहाटे कुणालातरी मदत लागतच असेल. विचार.

आणि एक कर. ४ डिसेंबरला इथे संत बार्बाराच्या नावाने चेरीच्या फांद्या कापून पाण्यात ठेवतात, नाताळपर्यंत फुलतात. तुला यायला उशीर होणार पण जानेवारीतही चालतं, आधी थंडी लागलेली फांदी हवी, रात्रभर कोमट पाण्यात पूर्ण बुडवून मग उबदार खोलीत ठेव, पाणी दर तीन दिवसांनी बदल. कळ्या फुगताना रोज बघायला काहीतरी असतं.

सागरगोटा
६ डिसेंबर, संध्या. ७:२५

ताई, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. फुंकणी मामींकडे आहे, पितळी, मागते. नवऱ्याला फोन करून टाकी बघायला सांगितली, पाव भरलीय म्हणाला, उद्याच मागवतोय.

चुनखडी
७ डिसेंबर, सकाळी ८:४०

रानवाट, तुम्ही लाकूड वर्षाला किती घेता? आणि विकतच की स्वतः फोडता? आम्ही यंदाच भट्टी बसवतोय.

रानवाट
२६ डिसेंबर, दुपारी ४:२०

उशिरा उत्तर देतेय, पाहुणे होते. आम्हाला सहा श्टेर लागतं, एक श्टेर म्हणजे मीटर बाय मीटर बाय मीटर रचलेला ढीग. बीच घ्या, जळतं सावकाश आणि निखारा टिकतो, स्प्रूस फक्त पेटवायला. पण बीचला दोन उन्हाळे वाळायला लागतात, म्हणजे या फेब्रुवारीत आणलेलं २ वर्षांनी जाळायचं, म्हणून पहिली दोन वर्षं सुकलेलंच विकत घ्यावं लागेल. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ओंडका फोडून आतल्या बाजूला टोचायचं, वीस टक्क्यांच्या आत असेल तरच आत घ्यायचं, ओलं जाळलं तर धुराड्यात डांबर साचतं. रचताना खाली हवा खेळू द्या, वरून झाका पण बाजू मोकळ्या, आणि सगळ्यात वरच्या थराची साल आभाळाकडे. राख टाकू नका, ओल्या कागदाला लावून भट्टीची काच पुसली की लख्ख निघते, उरलेली पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकतो आम्ही.

फांद्या बरोबर चोवीस तारखेला फुलल्या, सात फुलं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तर ते म्हणाले कॅमेरा जरा भट्टीकडे फिरव, आणि विचारलं की मागची बाजू नीट तापतेय का, त्यांना गेल्या वर्षी तिथे एक फरशी हलतेय असं वाटलं होतं. मी हात लावून बघितलं. खरंच हलतेय. धुराडंवाला सात जानेवारीला येणार आहे, त्याला दाखवते.